पाण्याविना मोटार धुणे: दुबईहून पत्र

ती. बाबा व ती. सौ. आई यांस साष्टांग नमस्कार.

पाणी न वापरता मोटार धुणे आणि मोटार नुसती पुसणे यांत फरक आहे. बाबांनी फोनवर घेतलेला आक्षेप हा फरक न मानणाऱ्यांचा आहे, म्हणून प्रथम तोच. कोरड्या फडक्याने पुसल्यास धूळ रंगावरून फरफटत जाते. वाळूतल्या क्वार्ट्झची कठीणता मोसच्या मापावर ७ भरते, तर मोटारीच्या रंगावरचा पारदर्शक लेप साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही पातळ असतो. त्यावर पडलेले बारीक ओरखडे सावलीत दिसत नाहीत. भर उन्हात, विशेषतः शेजारी पाहत असताना, स्वच्छ दिसतात.

पाण्याविना धुताना वापरायच्या फवाऱ्याच्या बाटलीतले द्रावण हे घासणे टाळण्यासाठी असते. त्यात मळ सोडवणारी रसायने, निसरडेपणा आणणारी पॉलिमर आणि पुष्कळदा ब्राझीलमधल्या कारनौबा ताडाचे मेण असते. धुळीचे कण त्यात भिजतात आणि मायक्रोफायबरच्या फडक्याच्या लवेत शिरून पृष्ठभागावरून उचलले जातात. जुन्या बनियनला अशी लव नसते. त्यामुळे पुण्यात दोन पिढ्या स्कूटर ज्या बनियनने लखलखली, ते येथे बाद ठरते. यात बनियनचा किंवा बाबांचा अवमान नाही.

दुबईत ही पद्धत चैनीपोटी आलेली नाही. पिण्याचे जवळजवळ सगळे पाणी समुद्राच्या पाण्यातले मीठ काढून मिळवावे लागते, आणि नळी धरून मोटार धुतली तर शंभर-दोनशे लिटर पाणी सहज जाते. (केपटाउनमध्ये २०१८च्या दुष्काळात माणशी रोज ५० लिटरची मर्यादा आली, तेव्हा पालिकेच्या पिण्याच्या पाण्याने मोटार धुण्यासही बंदी होती.) दुसरीकडे, शमाल वारा मैद्यासारखी बारीक धूळ आणतो, आणि रात्रीच्या दमट हवेत तिचा लेप बसतो. तो तसाच ठेवण्याचीही सोय नाही: मळकी मोटार सार्वजनिक जागी टाकून गेल्यास नगरपालिकेचा दंड ५०० दिरहम. जुलैत गावी जाऊन पाऊस बघत बसणाऱ्या कुटुंबांच्या मोटारी या कलमात हमखास सापडतात.

कृती अशी. मोटार सावलीत आणि पत्रा थंड असावा. तापलेल्या पत्र्यावर द्रावण क्षणात वाळून डाग पडतात, म्हणजे उन्हाळ्यात हा उद्योग पहाटेचाच. टपापासून सुरुवात करून खाली यावे, कारण सर्वांत जाड मळ दाराच्या खालच्या पट्टीवर असतो. एका वेळी एकच भाग घ्यावा. फवारा सढळ हाताने मारावा. काटकसर येथे अंगाशी येते. थोडे थांबून फडके एकाच दिशेने, हलक्या हाताने, सरळ रेषेत न्यावे. गोल गोल फिरवण्याचा मोह मुलांना होतो, मोठ्यांनाही होतो. फडक्याची चौपदरी घडी घातली की पुसायला आठ बाजू मिळतात. प्रत्येक फेरीला नवी बाजू घ्यावी. मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने चकाकी आणावी. जमिनीवर पडलेले फडके त्या दिवसापुरते निवृत्त समजावे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर गेलेले फडके मात्र कायमचे गेले. सूनबाई ते परत देत नाहीत.

पक्ष्यांची विष्ठा रंगाला खाते. तिच्यावर भिजलेला कपडा काही वेळ ठेवून ती मऊ झाल्यावरच अलगद उचलावी. चिखल किंवा वाळवंटातून थापून आलेली वाळू असेल, तर बाटली कपाटात ठेवावी आणि आधी पाण्याच्या झोताने तो थर काढावा. मधला मार्गही आहे: बादलीभर पाण्यात थोडे खास द्रावण घालून, भिजल्या फडक्याने पुसून, पुन्हा पाण्याने न धुता मोटार कोरडी करणे. आईला हा प्रकार पटेल, कारण यात निदान बादली दिसते. मॅट रंगाच्या मोटारीला चकाकी आणणारे द्रावण लावू नये.

फडकी सुती कपड्यांबरोबर धुतल्यास त्यांना तंतू चिकटतात, आणि कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव घातल्यास लव बुजून जाते. ती वेगळी, साध्या साबणाने धुवावीत. चाकांवर ब्रेकची लोखंडी काळी भुकटी असते, म्हणून तेथे वापरलेला कपडा रंगाकडे परत आणू नये. पार्सलातून आलेली जुनी बनियने या कामासाठी राखून ठेवली आहेत.

कळावे,
आपला चिरंजीव, सूनबाई व मुले