साहेब पाण्याखाली

कोचीहून लक्षद्वीपला जाणाऱ्या ‘एम. व्ही. कवरत्ती’वर मराठी माणसांचा घोळका चढला, की त्यात एक निवृत्त साहेब असणारच. कोणत्या खात्यातून निवृत्त, हे विचारावं लागत नाही. पहिला चहा संपायच्या आत कळतं. बेटांवर उतरायला परवाना लागतो, तो सगळ्यांकडेच असतो. साहेबांकडे तो तीन प्रतींत, साक्षांकित, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये असतो. केबिन अर्थातच डायमंड क्लास, दोन बर्थची. चार बर्थच्या गोल्डमधलं कुणी जिन्यात भेटलं, तर ‘काय, सोय ठीक आहे ना?’ असं दौऱ्यावर आल्यासारखं विचारतात.

जहाज सहसा बेटाला लागत नाही. प्रवाळाच्या कड्याबाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि प्रवाशांना लहान होड्यांत उतरवतात. होडी लाटेवर वरखाली होत असते, खलाशी दोन्ही दंडांना धरून माणूस उचलून आत ठेवतात. बाकीचे किंचाळतात. साहेब नाही. हाताखालच्या माणसांनी उचलून ठेवणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे.

पंचाईत होते ती लगूनमध्ये. स्नॉर्केलिंग शिकवणारा बेटावरचा पोरगा सांगतो, मास्कच्या काचेवर आतून थुंका, चोळा, विसळा. म्हणजे वाफ धरत नाही. ‘येथे थुंकू नये’ या पाट्या ज्यांच्या सहीनं लागल्या त्यांनी थुंकायचं? साहेब रुमालानं पुसतात. दोन मिनिटांत समोर धुकं. शिवाय मिशी. मास्कची कड चेहऱ्याला घट्ट बसावी लागते, आणि भरघोस मिशी असली की तिथून पाणी झिरपतं. पोरगा व्हॅसलीनची डबी पुढे करतो. वहिनी लग्न झाल्यापासून ‘ती मिशी काढा’ म्हणत आल्या आहेत. इथे त्या काही बोलत नाहीत, नुसत्या बघतात.

नळी तोंडात गेली की बोलणं बंद. हा नियम साहेबांना तत्त्वतः मान्य नाही. ‘अरे, इकडे ये’ हे नळीतून ‘ऊऊ, ऊऊ’ असं निघतं, कुणी येत नाही, मग ते बोलण्यासाठी उभे राहतात, आणि नेमके प्रवाळावर.

‘सर, पाय उचला! ते जिवंत आहे!’

‘दगड आहे हा,’ साहेब निकाल देतात. पुरावा म्हणून बोट दाखवतात. मंगळ शांत राहावा म्हणून त्यात पोवळ्याची अंगठी आहे. ती कुठे जिवंत आहे? आता अंगठीतलं तांबडं पोवळं निराळ्या जातीचं, ते अशी बेटं बांधत नाही. आणि पायाखाली आहे ती लाखो इवल्या प्राण्यांनी चुन्याची घरं उभारून केलेली वसाहत. पण हे समजावायला समोरच्याला नळी काढावी लागते, आणि तोवर साहेबांनी दुसरा विषय काढलेला असतो.

दुसरा विषय म्हणजे स्वच्छता. एका ठिकाणी प्रवाळ पांढरंशुभ्र दिसतं आणि साहेब खूश होतात. ‘बघा, कसं चकचकीत ठेवलंय. शिका जरा!’ पाणी प्रमाणाबाहेर तापलं की प्रवाळ अंगातलं शैवाल बाहेर टाकतं. रंग त्याचा, बहुतेक अन्नही त्याचंच. ते गेलं की आतला सांगाडा दिसू लागतो, आणि उष्मा लांबला तर प्रवाळ उपासमारीनं मरतं. लक्षद्वीपनं हे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये सोसलं आहे. पोरगा हे सांगतो तेव्हा थट्टा करावीशी वाटत नाही. साहेब ऐकून घेतात आणि म्हणतात, ‘तरी दिसायला छान आहे हो.’

मग डायव्हिंग. फॉर्ममधल्या स्पेलिंगच्या चुका साहेब दुरुस्त करून देतात. पाण्याखालच्या खुणा शिकवतात तेव्हा ते शेजाऱ्याला टाकीतल्या ऑक्सिजनची माहिती देण्यात गुंतलेले असतात. टाकीत आपली साधीच हवा असते, दाबून भरलेली. पण ते असो. हुकतं ते हे: अंगठा आणि तर्जनी यांचं कडं म्हणजे ‘ठीक आहे’, आणि अंगठा वर म्हणजे ‘मला वर न्या’.

साहेब रोज सकाळी सात व्हॉट्सॲप ग्रुपांवर अंगठा देतात. त्यांच्या लेखी अंगठा म्हणजे मंजुरी. खाली जाताच समोरून निळ्या-पिवळ्या माशांचा थवा जातो. साहेबांचा अंगठा वर. प्रशिक्षक त्यांना वर आणतो. ‘काय झालं सर?’ ‘काही नाही, उत्तम!’ पुन्हा खाली. ॲनिमोनमधून जोकरमासा डोकावतो. मंजूर. पुन्हा वर. असं होता होता वेळ संपते आणि साहेबांनी सगळ्यात जास्त पाहिलेली वस्तू म्हणजे होडीचा तळ.

वहिनी मात्र सांगितल्याप्रमाणे थुंकलेल्या असतात, बोटांचं कडं करत पूर्ण वेळ खाली राहिलेल्या असतात. किनाऱ्यावर शहाळं पिताना त्या सांगतात, पोपटमासा चोचीनं प्रवाळ कुरतडतो आणि त्याची वाळू करून मागून सोडतो. इथली बरीचशी वाळू त्याचीच. साहेब तिच्यावर आडवे झालेले असतात. ते उठून बसतात.

रात्री जहाजावर अभिप्रायाचा फॉर्म येतो. साहेब पुरवणी मागून घेतात. ‘अंगठा वर करण्याच्या खुणेचा अर्थ जनमानसात रूढ अर्थाशी विसंगत असल्याने जगभरातील पाणबुड्यांसाठी सुधारित परिपत्रक तातडीने निर्गमित व्हावे. प्रत माहिती व पुढील कार्यवाहीसाठी : कप्तान, एम. व्ही. कवरत्ती.’