मातीचे धरण : रचना, देखभाल आणि खेकडे

मातीचे लहान धरण म्हणजे ओढ्याला आडवा घातलेला मातीचा भराव. पावसाळ्यात तो पाणी अडवतो, रब्बीत ते शेताला देतो आणि उन्हाळ्यात त्याच्या पोटात क्रिकेटचे सामने भरतात. सिंचन तलाव आणि पाझर तलाव हे त्याचे दोन मुख्य प्रकार. सिंचन तलावाला कालवा असतो. पाझर तलावाला तो नसतो. पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरींना लागते. कोणाच्या विहिरीला किती लागले हे सिद्ध करता येत नाही आणि लागलेच नाही हेही सिद्ध करता येत नाही, त्यामुळे सरकारी अहवालात हा प्रकार सहसा यशस्वी ठरतो. १९७२च्या दुष्काळात सुरू झालेल्या रोजगार हमीच्या कामांतून असे तलाव गावोगाव झाले. लोकांच्या हाताला काम देणे हा तेव्हा पहिला हेतू होता आणि तो रास्तच होता. मात्र काही तलाव जिथे मजूर होते तिथे झाले. पाणीही तिथेच येईल असे पाण्याने कबूल केले नव्हते.

तलाव कोणाचा, हे त्याच्याखाली किती शेत भिजते यावरून ठरते. शंभर हेक्टरपर्यंत जिल्हा परिषद, त्यापुढे सहाशेपर्यंत मृद व जलसंधारण विभाग, त्याहून मोठा असेल तर जलसंपदा. धरण गळू लागले की या वर्गवारीचा उपयोग कळतो. तक्रारीचा अर्ज घेऊन गेलेल्या माणसाला प्रत्येक कार्यालय पुढच्या कार्यालयाचा पत्ता अचूक सांगते.

जागेची निवड पुस्तकाप्रमाणे करायची तर ओढ्याचे पात्र अरुंद हवे, वरचे खोरे पसरट हवे, पायात खडक उथळ लागायला हवा, काळी माती आणि मुरूम जवळ मिळायला हवा, शिवाय सांडव्यासाठी बाजूला कठीण जमीन हवी. या पाचही अटी पुऱ्या करणाऱ्या जागा बहुतेक केव्हाच संपल्या. उरलेल्या जागांना सहावी अट पुरते, ती म्हणजे आमदारांचे पत्र. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश आणि काम अर्ध्यावर आले की सुधारित प्रशासकीय मान्यता. हिला कार्यालयात लाडाने 'सुप्रमा' म्हणतात. भरावाची उंची तीच राहून अंदाजपत्रकाची उंची वाढणे, हे हिचे लक्षण.

धरणाचा गाभा काळ्या मातीचा असतो, कारण ती पाणी अडवते. गाभ्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचे आवरण असते, कारण नुसती काळी माती ओली झाली की घसरते. गाभ्याच्या खाली कठीण थर लागेपर्यंत खंदक खणून तोही काळ्या मातीने भरतात. माती वीसेक सेंटिमीटरच्या थरांनी पसरायची, पाणी मारायचे, रोलर फिरवायचा, घनता तपासायची आणि मगच पुढचा थर. पूर्वी हे दाबण्याचे काम माती वाहून आणणारी वडारांची गाढवे येता-जाता आपल्या पायांनी करत. ते फुकटात होत असल्यामुळे त्याची बिले निघत नसत. आता पाणी टँकरने मारले जाते. धरण बांधायचे ते गावात पाणी नाही म्हणून, बांधायचा हंगाम उन्हाळ्याचा आणि दाबाईला तर पाणी पाहिजेच. या पेचातून नोंदवही सुटका करते. माती कोरडी राहिली तरी मोजमाप पुस्तकातले थर नीट भिजलेले असतात. कोरडा दाबलेला थर पहिल्या भरतीत भिजून खाली बसतो, माथ्याला भेगा पडतात, त्या भेगांतून पाणी वाट शोधते. पण तोवर कंत्राटदाराच्या दोषदायित्वाचा कालावधी संपलेला असण्याची शक्यता बरी असते.

पाण्याकडच्या अंगाला लाटांनी माती खाऊ नये म्हणून दगडांचे अस्तर असते. गावात घरांचे चौथरे बांधायला सुरुवात झाली की हे दगड विरळ होत जातात.

सांडवा हा या धरणाचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. दगडी धरणावरून पाणी गेले तर ते बहुधा सोसते. मातीच्या धरणावरून गेले तर काही तासांत भराव कापला जातो. म्हणून जादा पाणी सांडव्यातून निघून गेलेच पाहिजे. पण निघून जाणारे पाणी गावाला बघवत नाही. ठिकठिकाणी सांडव्यावर वाळूची पोती रचून पातळी हातभर चढवली जाते. साठा वाढतो, मोटारी आणखी पंधरवडा चालतात आणि महापूर येईपर्यंत सगळे ठीक असते. सांडव्याच्या पुढच्या नाल्यात कोणाचा तरी गोठा असतो. तो हटवायचा ठराव ग्रामसभेत दरवर्षी चर्चेला येतो आणि दरवर्षी तहकूब होतो, कारण गोठ्याच्या मालकाच्या घरात मते असतात आणि पाण्याला मत नसते.

धरण भरल्यावर जलपूजन होते. लोकप्रतिनिधी साडी, खण, नारळ पाण्यात सोडतात. श्रेय कोणाचे यावर दोन गट असतील तर जलपूजन दोनदा होते. देखभालीच्या मार्गदर्शिकेत या विधीचा उल्लेख नाही; तरीही लहान धरणाच्या आयुष्यात जिची तारीख कधी चुकत नाही अशी ही एकमेव तपासणी आहे.

पाणीवाटपाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, कारण ते फारसे होत नाही. नियमाप्रमाणे सात नंबरचा अर्ज भरायचा, पाळी लागायची, शेवटच्या शेतकऱ्याला आधी पाणी द्यायचे. २००५च्या कायद्याने तर हे सारे पाणी वापर संस्थांच्या हाती दिले. प्रत्यक्षात तलावाच्या काठावर ज्यांच्या मोटारी आहेत त्यांचा ऊस अर्जाची वाट पाहत नाही. उरलेल्या पाण्यात ऊन आपला वाटा घेते. मराठवाड्यासारख्या भागात उघड्या पाण्याची पातळी वर्षाला दीड-दोन मीटर नुसती वाफ होऊन उतरते. तळाशी गाळ असतो. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आहे आणि कल्पना चांगली आहे. मात्र गाळाच्या नावाने मुरूमही उचलला गेला तर तलावाचा तळच फाटतो, हे जेसीबीला कोणी समजावून सांगायचे याची तरतूद नाही.

देखभाल हा विषय मोठा आहे, पण त्याची रक्कम लहान आहे. भरावावर झाड ठेवायचे नाही, हा मातीच्या धरणाचा पहिला नियम. झाड मेले की मूळ कुजते आणि त्याच्या जागी पाण्याला आयती नळी मिळते. आपल्याकडच्या भरावांवर वेड्या बाभळीचे रान असते. काही ठिकाणी वनमहोत्सवात खास लावलेली झाडेही सापडतात, फलकासह.

पूर्व विदर्भात कोहळी समाजाने गोंड राजवटीत बांधलेले मातीचे तलाव हजारोंनी आहेत, आणि त्यांतले बरेच दोन-तीन शतके टिकले. नवेगाव बांधचा तलाव त्यांतलाच. पाळ राखायची, तुडूम म्हणजे पाणी सोडायचे दार उघडायचे-मिटायचे, गाळ काढायचा ही गावाची कामे होती. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजार माजी झाले, तलाव 'माजी मालगुजारी' झाले आणि हळूहळू देखभालही माजी झाली. आताच्या लहान धरणांना तर बहुधा साधा चौकीदारही नसतो.

प्रत्येक मातीचे धरण थोडे पाझरते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पायथ्याशी येणारे पाणी नितळ असेल तर धरण ठीक आहे. गढूळ असेल तर ते आतून माती घेऊन बाहेर पडते आहे. मग पोकळी मागे मागे सरकत जाते, पाण्याला सलग मार्ग सापडतो आणि धरण फुटते. नितळ आणि गढूळ यांतला फरक ओळखायला अभियंता लागत नाही. पायथ्याच्या वस्तीतल्या बाईला तो हंडा भरताना कळतो. तिचे म्हणणे अर्जात उतरते, अर्जाला आवक क्रमांक पडतो.

२ जुलै २०१९च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि खालच्या भेंदवाडीतली वीसहून अधिक माणसे वाहून गेली. गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या, असे गावकऱ्यांनी सांगितले. तत्कालीन जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी गळतीचे कारण म्हणून खेकड्यांकडे बोट दाखवले. विरोधकांनी खेकडे पोलीस ठाण्यात नेऊन त्यांच्या अटकेची मागणी केली.

या आरोपाचा हिशेब मांडता येतो. दहा मीटर उंचीचा भराव, माथा तीन मीटर, उतार पाण्याकडे एकास अडीच आणि खाली एकास दोन धरला, तर पायथ्याची रुंदी ४८ मीटर येते. खेकड्याचे बीळ फार तर दोन-चार हात. म्हणजे एका खेकड्याला धरण फोडायचे तर त्याच्याकडेही निविदा, उपकंत्राटदार आणि सुप्रमा हवी. माथ्याकडे मात्र भराव निमुळता होतो. तिथे बिळे खरोखर धोक्याची असतात, कारण ती पाण्याची वाट आखूड करतात. म्हणूनच उंदीर, घुशी आणि खेकडे यांची बिळे शोधून बुजवणे हा पावसाळ्यापूर्वीच्या नेहमीच्या तपासणीचा भाग आहे. खेकड्याने धरण फोडले असे जो अधिकृतपणे सांगतो, तो ही तपासणी झाली नव्हती, असेही त्याच वाक्यात अधिकृतपणे सांगत असतो. खेकडा एका रात्रीत येत नाही. बिळाच्या तोंडाशी तो मातीच्या गोळ्या टाकतो आणि त्या भरावावरून चालणाऱ्याला सहज दिसतात.

बीळ बुजवण्यासाठी लागणारे साहित्य : काळी माती, पाणी, धुमस आणि ते वापरायला एक माणूस.