प्रेम, कॉट बेसिसवर

सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर चार कॉट होत्या. त्यातली जिन्याकडची, एका पायाखाली वीट असलेली, माझी. ही १९९१ची गोष्ट. मालकीणबाईंना आम्ही काकू म्हणायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितले. दहाला दिवा बंद, आंघोळीला एकच बादली आणि "मुलींचं काही चालायचं नाही." हा शेवटचा नियम त्यांनी अशा काही आवाजात सांगितला, की जणू दिंडीदरवाज्याशी मुलींची रांगच लागली होती. आमच्या क्षमतेवर एवढा विश्वास त्याआधी कुणी दाखवला नव्हता.

तो विश्वास मलाही खरा वाटला, त्याला माझा तरी इलाज नव्हता. बार्शीहून निघण्यापूर्वी मी 'अशी ही बनवाबनवी' तीनदा पाहिला होता. चार बिनजागेचे तरुण, त्यातले दोघे साड्या नेसून लीलाबाई काळभोरांच्या घरात भाडेकरू होतात आणि शेवटी चौघांचंही जमतं. म्हणजे पुण्यात डिपॉझिट भरलं की पाठोपाठ प्रेम येतं, अशी माझी समजूत. पुढे कितीतरी वर्षांनी ध्यानात आलं, की त्या सिनेमात मुलीसाठी कुणी साडी नेसत नाही. नेसतात ती खोलीसाठी. प्रेम आपलं वर मिळतं, भाजीवाल्याकडच्या कोथिंबिरीसारखं.

खरं तर आपल्याकडच्या असल्या सगळ्या सिनेमांत खरी नायिका जागाच असते. 'घरोंदा'तला अमोल पालेकर मित्रांबरोबर एका खोलीत दाटीवाटीनं राहतो, फ्लॅटसाठी पै पै साठवतो, बिल्डर पैसे घेऊन पळतो; तेव्हा हा गडी आपल्या प्रेयसीला काय सुचवतो, तर त्या आजारी, श्रीमंत साहेबाशी तू लग्न कर! साहेब म्हणजे डॉ. लागू. पालेकरांचा मला राग येतो, पण मुंबईतले भाव आठवले की थोडा कमी येतो. आणि राजा ठाकूरांच्या 'मुंबईचा जावई'त तर लग्न रीतसर झालेलं, नवरा-बायकोचं एकमेकांवर प्रेम, घरच्यांचा विरोध नाही, खलनायक नाही. फक्त चाळीतल्या त्या घरात दोघांना एकटं बसायला कोपरा नाही. बासू चटर्जींनी १९७२ साली त्याचाच 'पिया का घर' केला. आडवं येणाऱ्या माणसांत वाईट कुणीच नाही, सगळी मायेची. मायेच्या माणसाला "जरा बाहेर जा" म्हणता येत नाही, ही तर खरी पंचाईत.

आमच्या खोलीत तेही नव्हतं. तिथं मायाही नव्हती आणि बाहेरही कुणी जात नव्हतं.

खोलीची एक सामाईक मालमत्ता होती: वर्गणी काढून घेतलेला पांढरा शर्ट. तोंडी परीक्षा, मुलाखत, नातेवाइकांचं लग्न, ज्याची निकड मोठी त्याला तो मिळे. गळ्याचं माप नांदेडकराचं आणि बाह्या सोलापूरकराच्या, त्यामुळे तो कुणालाच नीट बसत नसे. एका गुरुवारी कॉलेजात माझी तोंडी परीक्षा होती, म्हणून तो माझ्या अंगात होता. रात्री मेसमध्ये 'ती' ताटावरून उठताना माझ्यापुढे एक घडी केलेला कागद ठेवून गेली. ती म्हणजे समोरच्या टेबलावरची मेंबर. तीन महिन्यांत आमचं बोलणं "मीठ द्या" पलीकडे गेलं नव्हतं.

शेजारी नांदेडकर पोळीचा तुकडा हातात धरून माझ्याकडेच बघत होता. मी कागद खिशात टाकला. खोलीत वाचावा, तर तिघं जागे. संडासात वाचावा, तर बाहेर रांग आणि दारावर थापा. पांघरुणात वाचावा म्हणेपर्यंत दहा वाजले आणि काकूंनी खालून मेन स्विच पाडला. सकाळी उठलो तर खुंटीवर शर्ट नाही. सोलापूरकरानं चौघांच्या कपड्यांचं बोचकं उजाडताच इस्त्रीला टाकलेलं. धावत गेलो, तर दुकानाला कुलूप. इस्त्रीवाला गावाला गेला होता.

शुक्रवारी मेसमध्ये तिनं माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. काय विचारलंय तेच ठाऊक नसल्यानं मी नुसता हसलो. शनिवारीही हसलो. ती खूष दिसली.

पुढे एकदा 'साडे चुयात्तर' हा १९५३चा बंगाली सिनेमा पाहिला. कोलकात्यातलं पुरुषांचं बोर्डिंग, तिथं एक कुटुंब आश्रयाला येतं, त्यांच्या मुलीचं आणि एका बोर्डरचं जमतं. ती सुचित्रा सेन, तो उत्तमकुमार. पण सिनेमा खाऊन टाकतो तो बोर्डिंगचा मालक झालेला, टकलू तुलसी चक्रवर्ती. या दोघांचं प्रेमपत्र त्याच्या बायकोच्या हाती लागतं आणि ती बिचारी समजते, की म्हाताऱ्याला चळ लागला. थिएटरात सगळे खो खो हसत होते. मी एकटा गंभीर होतो. साडे चुयात्तर म्हणजे साडेचौऱ्याहत्तर. पूर्वी खाजगी पत्रावर हा आकडा घालत. दुसऱ्या कुणी पत्र उघडलं तर त्याला पाप. आमच्या मेसमधल्या मुलीला हे कुणी सांगितलं असतं तर!

इस्त्रीवाला सोमवारी उगवला. बोचक्यावर तोच कागद टाचणीनं लावला होता, तोही इस्त्री फिरवल्यासारखा सरळ. एका बाजूला निळ्या शाईत लिहिलं होतं, 'रविवारी पाच वाजता, सारसबाग, गणपतीच्या पायऱ्यांपाशी.' मी कागद उलटा केला. मागे पेन्सिलीनं हिशेब होता: नग दहा, बाकी साडेसात.