पोपट बंद करा, बातम्या लावा
धसई आणि पंचक्रोशीतल्या नवशिक्यांसाठी एचडी टीव्ही-खरेदीची मार्गदर्शिका

गणपतीआधी मोठा टीव्ही यायलाच हवा, असं घरातल्या बाकी सगळ्यांनी ठरवलं आहे आणि पैसे मात्र ज्याला द्यायचे आहेत, अशा माणसासाठी ही मार्गदर्शिका आहे. पूर्वज्ञान लागत नाही. १ डिसेंबर २०१६ रोजी धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. दुकानात स्वाइप मशीन असणं वेगळं आणि मशीनला रेंज असणं वेगळं, एवढं ज्याला तेव्हापासून कळतं, त्याची निम्मी तयारी झाली.

पायरी १ : ठिपके मोजा

पडद्यावरचं चित्र ठिपक्यांचं असतं. साध्या वाहिनीचं चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांच्या आसपास ठिपके. एचडी १२८० गुणिले ७२०, नऊ लाखांवर. फुल एचडी १९२० गुणिले १०८०, वीस लाखांवर. फोरके त्याच्या चौपट, सुमारे ८३ लाख. एटके त्याच्याही चौपट. ते वाचावं आणि पुढे चालू लागावं.

‘एचडी रेडी’ या शब्दांवर हुरळू नका. असा टीव्ही फुल एचडी चित्र आत घेतो, पण त्याच्याकडे ठिपके साधारण साडेदहा लाखच. उरलेले तो गाळून टाकतो.

पायरी २ : दुकानात जा

मुरबाडला जा किंवा कल्याणला, भिंतीवर पोपटच दिसेल. त्याच्या पिसातलं पीस मोजता येतं, मागे धबधबा असतो. ही चित्रफीत खास दुकानासाठी बनवलेली असते आणि उजेड-रंग मुद्दाम चढवलेले असतात. म्हशाच्या यात्रेत बैल घेताना त्याची झूल बघून कोणी पैसे मोजत नाही, दात बघतात. इथेही तेच करा. विक्रेत्याला शांतपणे सांगा, “पोपट बंद करा, बातम्या लावा. साध्या वाहिनीवरच्या.” त्याचा चेहरा बघा, मग पडद्याकडे.

चार लाख ठिपक्यांचं चित्र ८३ लाखांवर पसरायचं, तर एकाचे वीस करावे लागतात. मधले एकोणीस टीव्ही अंदाजाने भरतो. निवेदिकेच्या गालावर मेण फासल्यासारखं दिसेल. त्यात तिचा दोष नाही.

पायरी ३ : चित्र येतं त्या वाटेने उलटं चाला

टीव्हीपासून छपरापर्यंत जा. वाटेत जे सगळ्यात कमकुवत असेल, तेवढंच चित्र मिळेल.

वायर : लाल-पांढरी-पिवळी असेल तर एचडी विसरा, पिवळीतून ते जातच नाही. एचडीएमआय लागते.

डबा : सेट टॉप बॉक्स एचडी हवा आणि वाहिन्यांचं पॅकही एचडीचं हवं. एकच मालिका साध्या वाहिनीवर आणि एचडीवर निराळ्या क्रमांकांवर असते. जुना क्रमांक पाठ असलेलं घर वर्षभर एचडीचे पैसे भरून साधंच चित्र बघू शकतं.

छत्री : फ्री डिशचा उपग्रह आपल्याकडून आग्नेयेला, आकाशात बराच वर असतो. सह्याद्री आड येत नाही. परसातला आंबा येतो. आषाढातल्या मुसळधारेत थेंब लहरी शोषतात आणि विखुरतात. तेव्हा छत्री हलवायला छपरावर चढू नये. पाऊस ओसरला की चित्र आपणच येतं.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बघणार असाल, तर एचडीला तासाला तीनेक जीबी जातात. दिवसाचे दोन जीबी सिनेमाच्या मध्यंतराआधीच संपतील.

पायरी ४ : फूटपट्टी काढा

इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे ४३ इंची घ्यायला हात सैल सुटतो. पण ४३ इंचांवर फुल एचडीचे ठिपके नीट नजरेच्या माणसालाही साडेपाच-सहा फुटांपलीकडे सुटे दिसत नाहीत. त्याहून लांब बसून बघाल, तर फोरकेचे जास्तीचे ठिपके फक्त भिंतीवरच्या पालीच्या कामाचे.

पायरी ५ : अक्षरांना घाबरू नका

एलईडी म्हणजे मागून एलईडी दिव्यांचा उजेड सोडलेला एलसीडीच. क्यूएलईडी म्हणजे तोच, रंग खुलवणारा थर घातलेला. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि पूर्ण विझतो, म्हणून काळा रंग खरा काळा दिसतो. हा महाग. ओटीचं दार दिवसभर उघडं असेल, तर भर दुपारी काळ्या रंगात अंगणच दिसणार.

अडचणी आणि उपाय

माणसं जाड दिसतात : जुनं ४:३ चित्र १६:९ पडद्यावर ताणलं आहे. रिमोटवरून आकार बदला. दोन्ही कडांना काळे पट्टे येतील. “पैसे दिले पूर्ण पडद्याचे,” असं कोणीतरी म्हणेल आणि चित्र पुन्हा ताणेल.

चित्र अजिबात नाही : पंखा फिरतोय का बघा. नसेल, तर टीव्हीला शिव्या देऊ नका.

शेजाऱ्याचा टीव्ही जास्त चांगला दिसतो : त्याच्याकडे पोपट चालू आहे.

आजीला नव्या-जुन्यात फरकच कळत नाही : आजी बारा फुटांवर पलंगावर बसून साधी वाहिनी बघते आहे. आजीचं बरोबर आहे. खरेदीला तिलाच घेऊन जायला हवं होतं.