सॅक कुणी भरली?

वहिनी, अहो वहिनी! कुकर उतरवलात ना? मग या अशा शेवग्याखाली. रविवारपासून पोटात दाबून ठेवलंय, आता राहवत नाही.

आमचा नातू कबमध्ये आहे, ठाऊक आहे ना? दहा वर्षांपर्यंत कब, मग स्काऊट. तर शनिवारी त्यांचं शिबिर होतं, सिंहगडाच्या पायथ्याला, डोणज्याजवळ एका शेतावर. यंदा घरच्यांनाही बोलावलेलं. एक रात्र तंबूत, सकाळी गड. मीही गेले. गुडघे? ते घरी ठेवून गेले!

आता कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या बाई... नाव नाही घेत, भिंतीला कान असतात. त्यांच्या लेकाची सॅक लेकाहून मोठी! तीन स्वेटर, इस्त्रीची चादर, चकल्यांचा डबा, वर उशी. रात्री दिवे मालवले आणि पोरगं विचारतंय, "आई, माझी टॉर्च कुठंय?" आई म्हणते सॅकमध्ये. सॅकमध्ये कुठे? भरली आईनं, त्याला काय कळणार! आणि अंधारात आईलाही सापडेना. शेवटी सगळी सॅक तंबूबाहेर पालथी घातली. टॉर्च निघाली मोज्यात, आणि तिचे सेल निघाले घरी, टीव्हीच्या रिमोटमध्ये!

हसू नका, त्यांच्या यजमानांचं पुढेच आहे. ते म्हणे लहानपणी स्काऊट होते. दुपारभर आम्हाला ऐकवत होते, बेडन-पॉवेलनं १९०७ साली इंग्लंडात ब्राउनसी बेटावर वीसेक पोरं नेऊन पहिलं शिबिर कसं भरवलं, कुडू हरणाचं शिंग फुंकून पोरांना कसं उठवायचा. ऐकायला छान वाटलं हो. पण त्या नादात खुंट्या ठोकल्या सरळ उभ्या आणि दोऱ्या त्यांना नुसत्या गुंडाळल्या. रात्री वारा सुटला तसा तंबू खाली बसला, यजमानांसकट. आतून आवाज, "अरे, कोणीतरी उचला!" मग मोठ्या स्काऊटांतली दोन पोरं आली. खुंट्या तंबूपासून बाहेर कलत्या ठोकल्या, दोरीचे दोन वेढे, वर दोन अर्ध्या गाठी. म्हटलं, अगो बाई, आमच्या माहेरी म्हैस याच गाठीनं बांधायचे की!

आणि चूल! दोन काड्यांत पेटवायची, तिसरी काडी ओढली की नापास. एका बापानं अख्खी पेटी संपवली. मी नुसती बघत होते, पण हात शिवशिवायला लागले. तीन दगड वाऱ्याकडे पाठ करून मांडले, खाली वाळकं गवत, त्यावर काटक्या, जाड लाकडं सगळ्यात शेवटी. एका काडीत पेटली! पोरं टाळ्या पिटायला लागली. नातू तर अख्ख्या शेतात सांगत फिरला, "माझी आजी पास!"

एक मात्र मला आधी खटकलं. नातू धावत आला आणि त्यांच्या कबच्या बाईंशी डाव्या हातानं हस्तांदोलन! मी ओरडलेच, "मेल्या, डावा हात कुठला पुढे करतोस?" तर त्या हसल्या. स्काऊटांत म्हणे डावाच हात देतात. हृदयाजवळचा हात, म्हणून. आता यावर काय बोलणार! त्या बाईंना पोरं 'अकेला' म्हणतात. मोगलीच्या गोष्टीतला लांडग्यांचा म्होरक्या, तो अकेला. पोरं गोल उकिडवी बसून त्यांना सलामी म्हणून एकसुरात लांडग्यांसारखी ओरडतात. शनिवारी संध्याकाळी ओरडली, तर गावातल्या कुत्र्यांनी अर्धा तास उत्तर दिलं!

आमच्या सॅकचं काय म्हणता? अहो, आमची सूनही भरायला बसलीच होती. पण अकेलांनी बजावून ठेवलं होतं, ज्याची सॅक त्यानंच भरायची. तिनं नुसती यादी वाचली, त्यानं एकेक वस्तू आत घातली. टॉर्च कुठे? सगळ्यात वर, हात घातला की हातात. टूथब्रश मात्र विसरला. सकाळी बोटानं दात घासले, आणि परत आल्यावर यादीत सगळ्यात वर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'ब्रश'. आता जन्मात विसरणार नाही. कोपऱ्यावरच्या त्या पोराला मात्र अजून माहीत नसेल, आपल्या सॅकमध्ये काय काय होतं ते.

तुमचाही पुढच्या महिन्यात जाणार ना? मग ऐका माझं, वहिनी. सॅक त्यालाच भरू द्या. वाटलं तर तुम्ही फक्त टॉर्चचे सेल बघा.