सोळाशेचं टायमिंग म्हणजे दम नव्हे

भरतीची तयारी करणाऱ्या दवनीवाडा गावच्या पोराला विचारा, दम किती आहे? उत्तर येईल, ‘सोळाशे पाच-वीसमध्ये निघतं.’ पोलीस भरतीत 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत मारलं की 20 पैकी 20 गुण, त्यामुळे सगळा जीव त्या दहा सेकंदांत अडकलेला. पण या टायमिंगमध्ये दमाबरोबर पायांचा वेगही असतो, पहिली फेरी राखून मारण्याची हुशारीही असते. पोरींना तर 800 मीटरच. तिथे वेगाचा वाटा आणखी मोठा.

दम वेगळा मोजता येतो. केनेथ कूपर यांनी 1968 मध्ये मांडलेली 12 मिनिटांची धाव घ्या. जितके मीटर धावलात त्यातून 505 वजा करा, 45 ने भागा. शरीर मिनिटाला, किलोमागे किती मिलिलिटर प्राणवायू वापरू शकतं, याचा अंदाज मिळतो. 2400 मीटरला सुमारे 42. पण नवखा पोरगा सुरुवातीलाच उधळतो आणि मग फरपटत जातो, तेव्हा हा आकडा फसवतो. पायरी चढून-उतरून नाडी मोजायची चाचणी सोपी, पण उन्हानं, चहानं, अपुऱ्या झोपेनंही नाडी वाढते. मला तीच सर्वांत कच्ची वाटते.

गावासाठी बीप टेस्ट उजवी. 20 मीटरवर चुन्याच्या दोन रेघा, मोबाइलवर बीप; पुढची बीप वाजायच्या आत समोरच्या रेघेवर पोचायचं. ताशी 8.5 किलोमीटरनं सुरुवात, दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरची वाढ. वेग आवाज ठरवतो, त्यामुळे उधळायला वावच नाही. दहा-पंधरा जण एकदम धावू शकतात, आणि पावसाळ्यात मैदानाचा एक कोरडा कोपरा पुरतो. मुरमावर वळताना मात्र पाय सटकतो, म्हणून आधी जागा झाडून घ्यायची. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टर.

भरतीच्या नावानं फी घेणाऱ्या अकॅडम्यांनी ही चाचणी महिन्याला एकदा घेऊन निकाल वहीत लिहायलाच हवा. दम कमी असलेल्याला लांब, संथ धाव द्यावी लागते. दम असून पाय जड असलेल्याला वेगाचे छोटे तुकडे. आज दोघांनाही एकच ओरड ऐकू येते, ‘अजून जोरात पळ!’ त्यात पोरांची वर्षं जातात, वयाची अट जवळ येते.

टेप, चुना आणि वही, एवढाच खर्च. ग्रामपंचायतीनं येत्या रविवारी रेघा मारून द्याव्यात.