गेलेल्या माणसाची रात्रपाळी

कचेरीतला माणूस नोकरी सोडतो तेव्हा आयकार्ड, लॅपटॉप, पार्किंगचं स्टिकर सगळं मोजून जमा करून घेतात. समोसे होतात, भाषणं होतात. सर्व्हरवर त्याच्या खात्याने कुठली सर्व्हिस चालते, एवढं मात्र कोणी विचारत नाही. साहेब कॅनडात स्थायिक होतात आणि इथला बॅकअप रोज रात्री दोन वाजता त्यांच्याच नावाने इमानेइतबारे चालू राहतो.

मग कधीतरी आयटीला जाग येते आणि ते खातं बंद होतं. किंवा पासवर्डची मुदत संपते. विंडोज डोमेनमध्ये ती मुळात 42 दिवसांची असते. गंमत म्हणजे त्या दिवशी काहीच बिघडत नाही. सर्व्हिसची ओळखपरेड होते ती सुरू होताना. एकदा आत शिरली की ती बहुधा पुढच्या रीस्टार्टपर्यंत बिनघोर. मायक्रोसॉफ्टचे अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. ते चढवून सर्व्हर पुन्हा सुरू केला की एरर 1069 हजर: लॉगॉन फसलं, सर्व्हिस सुरू झाली नाही.

साहजिकच दोष अपडेटवर जातो. मीटिंग बसते. डेटाबेसवाले नेटवर्ककडे बोट दाखवतात, नेटवर्कवाले फायरवॉलकडे, आणि सॉफ्टवेअर विकणारा फोनवरून सांगतो, ‘रीस्टार्ट करून बघा ना सर.’ इव्हेंट व्ह्यूअर उघडायचं कोणाच्या मनात येत नाही. तिथे मशीनने खात्याच्या नावासकट जबानी देऊन ठेवलेली असते. इव्हेंट 7038 म्हणजे नोंदवलेल्या पासवर्डने आत जाता आलं नाही. 7041 म्हणजे या खात्याला ‘लॉग ऑन अ‍ॅज अ सर्व्हिस’ हा हक्कच नाही. तो हक्क तुम्ही हाताने द्यावा, आणि ग्रुप पॉलिसीने पुढच्या फेरीत आपली यादी लादून तो पुसून टाकावा, हा आणखी वेगळा तमाशा. मंत्रालयातल्या फायलीलाही इतक्या लवकर माघारी फिरता येत नाही.

शेवटी कोणीतरी जाणकार पुढे होतो आणि सर्व्हिसला लोकल सिस्टम खातं देऊन टाकतो. मशीनवर जवळजवळ सर्वाधिकार! लोकल सर्व्हिस, नेटवर्क सर्व्हिस अशी कमी अधिकारांची खाती शेजारीच असतात, पण ती बिचारी कोणाला आठवत नाहीत. याहून धाडसी माणूस थेट डोमेन अ‍ॅडमिनचं खातं जोडतो आणि पासवर्ड कधीच संपू नये अशी टिचकी मारतो. सर्व्हिस सुरू होते, टाळ्या पडतात, तिकीट बंद.

खरं तर यावर उपाय आहे: विंडोज सर्व्हर 2012 पासून समूहासाठीची मॅनेज्ड सर्व्हिस खाती आहेत. त्यांचा पासवर्ड डोमेन स्वतः बनवतं आणि ठरलेल्या मुदतीने, मुळात 30 दिवसांनी, स्वतःच बदलतं. तो कुठल्याही माणसाला टाइप करावा लागत नाही. प्रत्येक जुनं सॉफ्टवेअर अशी खाती घेत नाही हे खरं, पण आमच्याकडे आक्षेप निराळाच निघतो: ‘मग तो पासवर्ड एक्सेलमध्ये कुठे लिहायचा?’

खुद्द मायक्रोसॉफ्टने 2019 साली आपल्या सुरक्षा शिफारशींमधून ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायची सक्ती काढून टाकली. ऑडिटरच्या तक्त्यातला त्या सक्तीचा रकाना मात्र अजून जागेवर आहे.

तेव्हा वाचकहो, तुमच्या सर्व्हरवर services.msc उघडा आणि ‘लॉग ऑन अ‍ॅज’ या स्तंभावर क्लिक करून यादीचा क्रम लावा. त्यात एखाद्या माणसाचं नाव दिसलं, तर तो अजून पगारपत्रकावर आहे का, हे येत्या दुसऱ्या मंगळवारच्या आत एचआरला विचारून घ्या.